फाटलेल्या आवाजाचा इतिहास

देवळाच्या प्रांगणात कीर्तन किंवा भजन रंगात आले असता ध्वनिवर्धकाचा आवाज फाटू लागला, तर श्रोत्यांपैकी कोणीतरी तत्काळ यंत्र सांभाळणाऱ्यास हाताने खूण करतो आणि तो बटण मागे फिरवितो. फाटलेला आवाज हा दोष आहे, हे आपल्या कानांस कोणी शिकवावे लागत नाही. ध्वनिवर्धकाचे कर्तव्य एवढेच की, गळ्यातून अथवा वाद्यातून जे निघाले तेच थोर करून शेवटच्या श्रोत्यापर्यंत पोचवावे. पदरचे त्यात काही घालू नये. ज्यांनी ही यंत्रे प्रथम घडविली त्या अभियंत्यांचेही हेच मत होते. असे असता विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेत एक संगीत असे उभे राहिले, की ज्याचा मुख्य अलंकारच हा फाटलेला आवाज होय. त्यास रॉक संगीत म्हणतात. त्याचे प्रधान वाद्य विजेची गिटार. आणि त्या गिटारीचा खरा कंठ म्हणजे तिच्या मागे उभा असलेला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. जो दोष म्हणून टाळावयाचा, तोच गुण म्हणून जपावयाचा, ही उलथापालथ कशी घडली आणि तो नाद जुळविण्याची विद्या कोणती, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांस हे संगीत म्हणजे निव्वळ गोंगाट वाटत असेल. त्यांनी ते आवडून घ्यावे, असा आमचा आग्रह नाही. परंतु एका गोष्टीकडे त्यांचे लक्ष वेधावेसे वाटते. पाश्चात्त्य यंत्रशास्त्रात या फाटण्यास जे नाव आहे, त्याचा मराठी प्रतिशब्द 'विकृती' असा होतो. आता आपल्या स्वरशास्त्रातही 'विकृत' हा शब्द आहेच. कोमल ऋषभास, तीव्र मध्यमास आपण विकृत स्वर म्हणतो. पण त्यात निंदेचा लेशही नसतो. शुद्ध स्थानावरून जो ढळला तो विकृत, एवढाच त्याचा अर्थ. आणि भैरव, तोडी, मारवा यांचे सारे वैभव अशा ढळलेल्या स्वरांवरच उभे आहे. ढळणे म्हणजे बिघडणे नव्हे. मात्र कोठे ढळावे आणि किती ढळावे, याचे शास्त्र असावे लागते. हे सूत्र ध्यानात ठेवले असता पुढील हकीकत परकी वाटणार नाही.

आरंभ व्हॉल्व्हपासून करावा लागेल. १९०४ साली इंग्लंडात जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी निर्वात काचनळीत तापलेल्या तारेतून निघणारा विद्युत्प्रवाह एकाच दिशेने वाहू देणारी दोन ध्रुवांची नळी सिद्ध केली. १९०६ च्या सुमारास अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तीत तिसरा ध्रुव बसविला. हा तिसरा ध्रुव म्हणजे एक जाळी. गोव्यातील खाजन शेतीची मानस ज्यांनी पाहिली आहे, त्यांस हिचे कार्य सहज उमगेल. मानशीचे दार हलविण्यास बळ थोडे लागते. पण त्या थोड्या हालचालीवर खाडीच्या प्रचंड पाण्याचे येणे-जाणे अवलंबून असते. त्याचप्रमाणे जाळीवर गिटारीच्या तारेतून आलेला अतिसूक्ष्म विद्युत्संकेत खेळला, की नळीतील मोठा प्रवाह हुबेहूब त्याच्या तालावर कमी-अधिक होतो. हेच ध्वनिवर्धन. आणि दाराच्या दृष्टान्तातच पुढील कथेचे बीज आहे. दार पूर्ण उघडल्यावर ते आणखी उघडता येत नाही, पूर्ण मिटल्यावर आणखी मिटता येत नाही. संकेत याहून प्रबळ आला तर त्याची शिखरे आणि दऱ्या छाटल्या जातात. आवाज फाटतो तो येथे.

गिटार हे मूळचे मृदू वाद्य. तुताऱ्या आणि ढोलताशे यांच्या ताफ्यात ती ऐकूच येत नसे. या अडचणीतून अमेरिकेत विजेची गिटार जन्मली. जॉर्ज बोशाँ व ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांनी लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्या साहाय्याने तारेचे कंपन विजेत उतरविणारी, मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची गिटार १९३२ साली विक्रीस काढली. १९३६ साली गिब्सन या प्रसिद्ध कारखान्याने उभी धरून वाजविण्याची विजेची गिटार बाजारात आणली. आणि १९३९ साली बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदात दाखल झालेल्या चार्ली ख्रिश्चन या तरुण वादकाने तिला साथीच्या वाद्याच्या पंक्तीतून उठवून गायकी अंगाने बोलते केले. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालविणारे लिओ फेंडर यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर गिटारी आणि ॲम्प्लिफायर घडविण्याचा कारखाना काढला. त्यांचा १९५२ साली निघालेला 'बासमन' हा ॲम्प्लिफायर मुळात खर्जाच्या गिटारीसाठी होता. पण दहा इंची चार स्पीकर असलेले त्याचे पुढील रूप साध्या गिटारवाल्यांनाच अधिक भावले. फेंडर यांची दृष्टी मात्र स्वच्छ, निर्मळ आवाजावर होती. आपले यंत्र फाटल्याशिवाय किती मोठे बोलते, यातच ते भूषण मानीत.

फाटलेल्या आवाजाची गोडी प्रथम लागली ती अपघाताने. १९५१ साली मेम्फिस शहरात 'रॉकेट ८८' या गीताचे ध्वनिमुद्रण व्हावयाचे होते. प्रवासात विली किझार्ट या गिटारवादकाचा ॲम्प्लिफायर बिघडला. दुसरा मिळण्याजोगा नव्हता, म्हणून स्पीकरच्या फाटक्या पडद्यात कागद कोंबून काम चालविण्यात आले आणि त्यातून निघालेला घोगरा, भरडा आवाज लोकांना विलक्षण आवडला. पुढे अपघाताची वाट पाहण्याइतका धीर वादकांना राहिला नाही. १९५८ साली लिंक रे यांनी हवा तो आवाज मिळावा म्हणून स्पीकरचा पडदा पेन्सिलीने भोसकला. १९६४ साली लंडनमध्ये 'किंक्स' या मंडळीतील डेव्ह डेव्हिस या किशोराने आपल्या लहानशा ॲम्प्लिफायरचा पडदा दाढीच्या पात्याने चिरला आणि त्याचा आवाज एका मोठ्या ॲम्प्लिफायरमधून काढून गाजविला. ही साधने रानटी होती, यात शंका नाही. परंतु कान कोठे ओढ घेत आहे, हे त्यांवरून स्पष्ट दिसत होते. हवे ते मिळविण्यासाठी दरवेळी वाद्य मोडावे लागू नये, अशी घडण कोणीतरी शोधणे एवढेच उरले होते.

ती घडण सापडली लंडनच्या पश्चिम भागातील हॅनवेल येथे, तीही तालवाद्यांच्या दुकानात. दुकानाचे मालक जिम मार्शल हे स्वतः ड्रमवादक आणि ड्रमचे शिक्षक. त्यांच्याकडे येणारे तरुण वादक सांगत की, आम्हांस अमेरिकन ॲम्प्लिफायर हवेत, पण आयातीमुळे त्यांची किंमत आवाक्याबाहेर जाते. तेव्हा मार्शल यांनी दुकानातील दुरुस्तीकार केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन हा कोवळ्या वयाचा तंत्रज्ञ यांस हाताशी धरून १९६२ साली फेंडरच्या बासमनचाच आराखडा समोर ठेवला व स्वतःचा ॲम्प्लिफायर बनविण्यास घेतला. आपले व आपला मुलगा टेरी याचे नाव गुंफून त्यांनी त्यास 'जेटीएम ४५' असे नाव दिले. आराखडा अमेरिकेचा, पण सुटे भाग जे इंग्लंडात मिळाले ते. पहिल्या पायरीवरचा व्हॉल्व्ह अमेरिकन यंत्रातल्यापेक्षा अधिक वर्धन करणारा पडला, शेवटच्या पायरीवर लवकरच 'केटी ६६' हे ब्रिटिश व्हॉल्व्ह आले, ट्रान्सफॉर्मर निराळे, आणि स्पीकर दहा इंची चार उघड्या पाठीच्या पेटीत नव्हे, तर सेलेस्टिअन कंपनीचे बारा इंची चार, मागून बंद केलेल्या पेटीत. एकेक फरक किरकोळ. पण सर्वांचा परिणाम असा झाला की, यंत्र लवकर फाटू लागले, आणि फाटताना कर्कश न होता दाट, घुमारेदार होऊ लागले. एकाच बंदिशीचे दोन घराण्यांत दोन चेहरे व्हावेत, तसे हे झाले. नक्कल करावयास निघालेल्यांच्या हातून नवे वाद्य घडले.

त्या वाद्याची शक्ती जगास दिसली १९६६ साली. एरिक क्लॅप्टन हा एकवीस वर्षांचा वादक जॉन मेयॉल यांच्या मंडळीत होता. लंडनच्या डेक्का कंपनीच्या वेस्ट हॅम्पस्टेड येथील स्टुडिओत त्यांची तबकडी मुद्रित व्हावयाची होती. क्लॅप्टन यांनी बरोबर गिब्सनची 'लेस पॉल' गिटार आणि मार्शलचा दोन स्पीकरांचा ॲम्प्लिफायर आणला. या नमुन्यास '१९६२' असा क्रमांक आहे; तो क्रमांकच होय, साल नव्हे. त्या काळचा मुद्रणाचा शिरस्ता असा की, ॲम्प्लिफायर हळू ठेवावा आणि मायक्रोफोन त्याच्या अगदी निकट. क्लॅप्टन यांनी हे मानले नाही. आपण सभेत जसे वाजवितो तसेच, यंत्र पूर्ण जोरावर ठेवूनच वाजविणार, आणि मायक्रोफोन दूर न्यावा, असा त्यांचा हट्ट होता. निर्माते माइक व्हर्नन व मुद्रक गस डजन यांनी अखेर तो पुरविला. या तबकडीवर गिटारीचा स्वर सारंगीसारखा लांबतो, गळ्यासारखा भरून येतो. आज ज्यास 'क्लासिक रॉक' नाद म्हणतात त्याचे पहिले परिपूर्ण उदाहरण म्हणून जाणकार या तबकडीकडे बोट दाखवितात.

पुढची पावले भराभर पडली. 'द हू' या मंडळीचे पीट टाउनशेंड यांस आणखी जोर हवा होता. त्यांच्यासाठी मार्शल यांनी १९६५ च्या सुमारास १०० वॅटचे यंत्र आणि आठ स्पीकरांची प्रचंड पेटी बनविली. ती उचलता उचलता हमालांच्या कमरा मोडू लागल्या, तेव्हा तिच्या दोन पेट्या करून एकीवर एक रचण्यात आल्या. रॉकच्या रंगमंचावर मागे दिसणारी ती काळी भिंत अशी जन्मली. १९६६ च्या सप्टेंबरात अमेरिकेहून लंडनला आलेले जिमी हेंड्रिक्स मार्शल यांच्याकडे गेले. हेंड्रिक्स यांचे पूर्ण नाव जेम्स मार्शल हेंड्रिक्स. दुकानदारही जेम्स मार्शल. या नामसाम्याचे दोघांनाही कौतुक वाटले. १९६६-६७ च्या सुमारास केटी ६६ च्या जागी 'ईएल ३४' हे व्हॉल्व्ह आले आणि नादाला अधिक धार चढली. दर्शनी पट्टी सोनेरी प्लेक्सिग्लासची होती, म्हणून या काळातील यंत्रांस वादक आजही लाडाने 'प्लेक्सी' म्हणतात. याच काळात केंट परगण्यातील डार्टफर्ड येथे टॉम जेनिंग्स व डिक डेनी यांचा 'व्हॉक्स एसी ३०' हा ॲम्प्लिफायरही नावारूपास आला होता. 'क्वीन' मंडळीचे ब्रायन मे यांनी तो जन्मभर उराशी धरला. त्याच मंडळीचे गायक फ्रेडी मर्क्युरी हे मूळचे पारशी. त्यांचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीस झाले, हे येथे सहज नमूद करण्याजोगे आहे.

आता या नादाचे रहस्य काय, ते पाहू. तंबोऱ्याचा खर्ज छेडला असता त्यातून गंधार आपोआप उमटतो. त्यास आपण स्वयंभू गंधार म्हणतो. प्रत्येक तारेच्या नादात मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सूक्ष्म स्वर दडलेले असतात. तिप्पट कंपनांचा स्वर म्हणजे वरच्या सप्तकातील पंचम. पाचपट कंपनांचा म्हणजे त्याहूनही वरचा गंधार. व्हॉल्व्ह जेव्हा लाटेची शिखरे छाटतो तेव्हा तो हेच स्वयंभू स्वर नव्याने निर्माण करतो. लाटेच्या दोन्ही बाजू सारख्या छाटल्या तर पंचम-गंधार बळावतात. एक बाजू अधिक छाटली तर षड्जाचीच वरची प्रतिबिंबे उठतात. शिवाय चांगल्या व्हॉल्व्हयंत्रात ही छाटणी सुरीने कापल्यासारखी एकदम होत नाही. प्रथम शिखरे गोलसर होतात, मग सपाट होतात. म्हणून बोटाचा आघात हलका असला तर स्वर निर्मळ राहतो, थोडा वाढला तर कड धरतो, जोराचा झाला तर भरून गर्जतो. वादकाच्या बोटास यंत्र उत्तर देते, असे जे म्हणतात ते याच अर्थाने.

हे वाचून मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी कोणाला आठवली, तर ती योग्यच आठवली. घोडी सपाट घासून, तारेखाली सुताचा धागा सरकवून कारागीर तारेला घोडीशी झगडावयास लावतो. शुद्ध यंत्रदृष्टीने पाहिले तर तारेच्या मुक्त कंपनात आणलेला हा अडथळाच. पण त्या अडथळ्यातूनच तो झंकार, ते स्वयंभू स्वरांचे तेजोवलय निर्माण होते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांवर लिहिलेल्या निबंधात दाखविले होते की, पाश्चात्त्य नियमाप्रमाणे जे उपस्वर तारेत उमटूच नयेत, तेही आपल्या घोडीच्या घडणीमुळे बलवान होऊन ऐकू येतात. जवारीची क्रिया आणि व्हॉल्व्हची क्रिया एक नव्हे. एक लाकडाची, दुसरी विजेची. परंतु ज्या कानाने जवारी शोधली आणि ज्या कानाने ॲम्प्लिफायर मुद्दाम फाडला, त्या दोहोंची भूक एकच होती. नुसता शुद्ध स्वर ओका वाटतो. त्याला काहीतरी घासून जावे लागते.

आणखी एक गोष्ट आपल्या कानास ओळखीची वाटेल. फाटलेल्या नादात दोन स्वर एकदम वाजविले, तर दोहोंच्या कंपनसंख्यांच्या वजाबाकीचा तिसरा स्वरही उत्पन्न होतो. षड्ज आणि पंचम यांचे प्रमाण २ व ३. वजाबाकी १, म्हणजे नेमका खालच्या सप्तकातील षड्ज. दोन तारा छेडाव्या आणि खालून खर्ज आपण होऊन उभा राहावा, असा हा चमत्कार आहे. उलट गिटारीचा गंधार पडद्यांच्या ठरीव विभागणीमुळे स्वयंभू गंधाराहून अर्धस्वराच्या सुमारे १४ शतांशांनी चढा असतो. तो षड्जाबरोबर वाजविला तर फाटलेल्या नादात गढूळ होतो. म्हणूनच रॉक वादक गंधार गाळून षड्ज-पंचमाची जोडी वाजवितात. तंबोरा पंचम-षड्जात मिळविणाऱ्या आपल्या पूर्वजांस यात नवल वाटले नसते.

एवढ्या पार्श्वभूमीवर हा नाद जुळवावयाचा कसा, ते सांगता येईल. मार्शलसारख्या यंत्रावर बटणे थोडी असतात: आवाज, खर्ज, मध्य, तार, आणि अगदी वरची धार देणारे एक. नवशिका प्रथम आवाज हळू ठेवतो आणि खर्ज व तार भरपूर चढवितो. एकट्याने खोलीत ऐकताना ते गोडही लागते. तेथेच चूक होते. आरंभी गिटारीवरील बटण पूर्ण चढवावे, यंत्राची नादाची सर्व बटणे मध्यावर ठेवावी आणि आवाजाचे बटण सावकाश वाढवीत जावे. हलक्या बोटाला स्वर निर्मळ आणि जोराच्या आघाताला फाटका, असा एक उंबरठा येतो. या नादाचे सारे जीवित त्या उंबरठ्यावर आहे. त्यानंतर खर्ज उतरवावा, दहापैकी दोन-तीनपर्यंत. कारण यंत्र जोरावर आले की, व्हॉल्व्हची शक्ती प्रथम खर्जच खातो आणि नाद चिखलासारखा बसतो. मध्य चढवावा, सहा-सात किंवा त्याहून अधिक. कारण गिटारीचा कंठ मध्यात आहे, आणि या यंत्रांची घडणच अशी की सर्व बटणे मध्यावर असताही मध्यस्वर थोडे दबलेले असतात. तार व धार शेवटी, कानाला विचारून. या बटणांचे एकमेकांशी नाते असते. एक हलविले की दुसऱ्याचा गुण पालटतो. म्हणून आकडे पाठ करून भागत नाही.

तार जुळविताना यंत्राच्या बाजूस उभे राहू नये. स्पीकर आपले तीक्ष्ण स्वर सरळ समोर फेकतो. बाजूला उभ्या वादकास नाद मंद वाटतो, तो तार चढवितो, आणि समोरच्या श्रोत्याच्या कानात सुया टोचतात. समोर, थोड्या अंतरावर, स्पीकरच्या उंचीला कान आणून ऐकावे. तसेच एकट्याने न ऐकता ताफ्याबरोबर ऐकावे. खर्ज हे खर्जाच्या गिटारीचे क्षेत्र आहे, तेथे आपण अतिक्रमण करू नये. एकटा ऐकता किंचित पातळ वाटणारा नाद समुदायात नेमका बसतो. तबल्याने आपले काम करावे, तंबोऱ्याने आपले, हा विवेक येथेही चालतो. आणि एकदा सारे जुळले म्हणजे यंत्रास हात न लावता गिटारीवरील बटणानेच वागावे. ते सहा-सातवर उतरविले की नाद निवळतो, पूर्ण चढविले की गर्जतो. जुने वादक एका यंत्रातून शंभर छटा काढीत, त्या अशा.

सर्वांत मोठा गैरसमज मात्र फाटण्याच्या मात्रेविषयी आहे. जुन्या तबकड्या ऐकून नवखा वादक समजतो की, यात फाटणे पुष्कळ आहे. प्रत्यक्षात ते त्याच्या कल्पनेहून बरेच कमी असते. 'एसी/डीसी' या मंडळीच्या १९८० च्या 'बॅक इन ब्लॅक' या तबकडीवरील गिटारी कान देऊन ऐकाव्या. प्रत्येक तार सुटी ओळखू येते. जोराचा भास फाटण्याने निर्माण होत नाही. तो मध्याच्या भरावाने, बोटाच्या आघाताने आणि दोन स्वरांमध्ये सोडलेल्या मोकळ्या जागेने होतो. १९७० नंतर कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी, आणि १९७५ पासून मार्शल कंपनीनेही, आरंभीच्या व्हॉल्व्हमध्येच आवाज फाडून शेवटी तो एका बटणाने हळू करण्याची सोय दिली. सोय मोठी झाली. पण फाटणे स्वस्त झाले, आणि स्वस्त झालेल्या वस्तूचे जे होते ते त्याचेही झाले. मसाला हाताशी आहे म्हणून मूठभर टाकला की, भाजीची चव उरत नाही.

वॅटविषयीही असाच भ्रम असतो. १०० वॅटचे यंत्र ५० वॅटच्या दुप्पट मोठे ऐकू येत नाही. फरक अवघा ३ डेसिबेलचा, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल एवढा. घरी वाजविणाऱ्यास पाच वॅटचे व्हॉल्व्हयंत्रही पुष्कळ होते. जिमी पेज यांनी १९६८ साली 'लेड झेपलिन'च्या पहिल्या तबकडीचे मुद्रण केले, तेव्हा त्यांचे साधन मुख्यतः एक टेलिकास्टर गिटार आणि एक लहान सुप्रो ॲम्प्लिफायर हे होते. मोठ्या भिंतीचे नव्हते. हेच पेज १९७२ साली आपले गायक रॉबर्ट प्लँट यांसह मुंबईत आले आणि त्यांनी आपली दोन गीते येथील वादकांच्या साथीने मुद्रित करून पाहिली. पश्चिमेचा हा नाद आपल्या वाद्यांकडे कुतूहलाने पाहत होता, याची ही एक खूण. एक इशारा येथेच देऊन ठेवतो: या यंत्रांत ४०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो आत साठून राहतो, जाणकाराखेरीज कोणीही पाठ उघडू नये, आणि स्पीकर जोडल्यावाचून यंत्र चालवू नये.

ज्या व्हॉल्व्हवर हे सारे उभे राहिले, त्याचे जग मात्र त्याच वेळी मावळत होते. १९४७ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. पाहता पाहता रेडिओ, दूरध्वनी, गणकयंत्रे यांतून व्हॉल्व्ह हद्दपार झाला आणि पश्चिमेतील मोठमोठे कारखाने एकामागून एक बंद पडले. आज जगाला लागणारे बहुतेक व्हॉल्व्ह रशियातील सारातोव्ह, स्लोव्हाकियातील चाद्त्सा आणि चीन येथील मोजक्या कारखान्यांत होतात. २०२२ साली युक्रेन युद्धानंतर रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा जगभरच्या गिटारवादकांत हाहाकार उडाला. एका संगीताचा कंठ किती थोड्या हातांवर तोलून आहे, हे त्या दिवसांत दिसून आले. लिओ फेंडर १९९१ साली आणि जिम मार्शल २०१२ साली निवर्तले. दुसरीकडे, आता गणकयंत्र त्या जुन्या ॲम्प्लिफायरांचे अनुकरण इतके हुबेहूब करते की, डोळे मिटून ऐकणारा जाणकारही पुष्कळदा फसतो. एक कळ दाबावी आणि १९६६ चा नाद हजर, अशी सोय झाली आहे.

या सोयीला आम्ही नाक मुरडणार नाही. विद्युत्तंबोरा आला तेव्हाही कित्येकांनी नाके मुरडली. पण प्रवासात आणि चाळीच्या खोलीत रियाज करणाऱ्या किती विद्यार्थ्यांना त्याने आधार दिला, हे आपण पाहिले आहे. प्रश्न यंत्राचा नाही, कानाचा आहे. तंबोरा जुळविता जुळविता विद्यार्थ्याचा कान तयार होत असे. जुळलेला तंबोरा विकत मिळू लागला, तेव्हा ते शिक्षण आपोआप घडेनासे झाले. तीच गत येथे आहे. खर्ज किती उतरवावा, उंबरठा कोठे आहे, आघात किती असावा, हे ज्याने स्वतः बटण फिरवून, ऐकून, पुन्हा फिरवून शोधले, त्याच्या हातात कोणतेही यंत्र दिले तरी तो नाद काढील. ज्याने नुसती कळ दाबली, त्याला दुसऱ्याचा नाद मिळेल. स्वतःचा मिळणार नाही. व्हॉल्व्ह उद्या दुर्मिळ झाले तरी एक वेळ चालेल. हा कान दुर्मिळ झाला तर ती हानी भरून येणारी नाही.

किझार्ट यांच्या कोंबलेल्या कागदापासून क्लॅप्टन यांच्या हट्टापर्यंत पंधरा वर्षे गेली. या पंधरा वर्षांत नवा शोध म्हणावा असा एकही भाग यंत्रात बसविला गेला नाही. व्हॉल्व्ह तोच, तार तीच, स्पीकर तोच. बदलला तो ऐकणाऱ्याचा निवाडा. जे अभियंत्याने त्याज्य ठरविले होते, त्यात वादकाने सौंदर्य ओळखले. आणि ओळखल्यावर त्याचा अतिरेक न करता त्याला मर्यादा घातली. दोषाला मर्यादा लाभली की, त्याचा अलंकार होतो. आपल्या संगीताने हे कोमल-तीव्र स्वरांत आणि जवारीच्या धाग्यात फार पूर्वी जाणले होते; हॅनवेलच्या दुकानात ते नव्याने, निराळ्या भाषेत जाणले गेले, एवढेच.